रेताड जमीनही चिबडते



काळ्या जमिनीत पाणी साचते आणि रेताड जमिनीतून ते झिरपून जाते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उतारावरच्या शेतासाठी ते खरेही आहे. पण वैनगंगेच्या खोऱ्यातील सपाट शिवारात माती हातात घेतली तर बोटांना वाळू खरखरीत लागते, आणि तरीही ऑगस्टमध्ये बांधीतले पाणी हटत नाही. तेच शेत दिवाळीनंतर पाहता पाहता कोरडे पडते. पावसाळ्यात बुडणारी आणि नंतर लवकर तहानणारी अशी ही जमीन आहे. तिचा स्वभाव ओळखल्याशिवाय पीक बदलले, तर खर्च वाया जातो. म्हणून आज तिच्याविषयी बोलू या.

आपले नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे काळा बेसाल्ट आहे. तो झिजून चिकण काळी माती झाली. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे ग्रॅनाईटसारखे फार जुने खडक आहेत. त्यांत गारगोटी भरपूर, आणि गारगोटी झिजली की वाळू होते. आपल्या पूर्वजांनी हा फरक केव्हाच ओळखला होता. भारी ती कन्हार, मध्यम ती मोरंड आणि पिवळट, रेतीमिश्रित ती सिहार, अशी नावे त्यांनी जमिनींना दिली.

मग रेताड जमिनीत पाणी का थांबते? वाळूचा कण २ मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंत असतो, तर चिकण मातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक. वाळूच्या कणांमधली जागा मोठी, त्यामुळे पाणी भराभर खाली उतरते. पण उतरल्यावर त्याला पुढे जायला वाट हवी. शंभर मीटर चालूनही जमीन मीटरभर उतरत नसेल, तर पाण्याला आडवी वाट मिळत नाही. त्यातच खाली घट्ट थर असतो. वर्षानुवर्षे चिखलणी केल्याने नांगराच्या तासाखाली एक थर दबून कठीण होतो. वरून वाहून आलेली बारीक चिकण मातीही खोलवर जमते. जवळपास तलाव, नदी किंवा कालवा असेल, तर भूजलाची पातळीही वर येते. थोडक्यात, बादली वाळूने भरली तरी तिला भोक नसेल, तर पाणी बादलीतच राहणार.

याची परीक्षा सोपी आहे. शेतात तीन फूट खोल खड्डा खणा आणि मातीचा रंग पाहा. लाल किंवा तांबूस रंग सारखा दिसला, तर निचरा चांगला. राखाडी रंग आणि त्यात गंजासारखे ठिपके दिसले, तर ती जमीन वर्षातले काही महिने पाण्याखाली असते. याचे कारण मातीतील लोह. हवा मिळाली की लोह गंजते आणि माती तांबडी दिसते. पाणी साचून हवा संपली की ते पाण्यात विरघळून सरकते, आणि मुळांच्या पोकळीतून जिथे हवा मिळते तिथे पुन्हा गंजून बसते. हे ठिपके उन्हाळ्यातही पुसले जात नाहीत. म्हणून भर मे महिन्यात कोरडी माती पाहूनसुद्धा पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढते, ते कळते.

धानासाठी हा कठीण थर आपला मित्र आहे. खोल नांगरून तो फोडला, तर बांधीत पाणी थांबणार नाही. धान निघता निघता उभ्या पिकात लाखोरी किंवा जवस फेकण्याची आपल्याकडची उतेऱ्याची पद्धत याच ओलीवर चालते. मात्र मिरची, तूर किंवा फळझाडे लावायची असतील, तर तोच थर वैरी ठरतो. मुळे पावसाळ्यात गुदमरतात, वरच्या वितभर मातीतच राहतात, आणि पाणी खाली गेले की झाड सुकते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातही अशीच सपाट, रेताड आणि निचरा नसलेली जमीन मोठ्या क्षेत्रावर आहे. मायाक्का नावाच्या अशा मातीला १९८९ साली तेथील राज्य-मृदेचा मान मिळाला. तिथे संत्र्याची झाडे सपाट जमिनीत न लावता उंच गादीवाफ्यांवर लावतात आणि वाफ्यांच्या मधून चर काढतात. संत्रानगरीच्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे. साचलेल्या पाण्यात मूळकूज आणि डिंक्या फोफावतो, मग जमीन काळी असो की रेताड.

आता काय करावे? पीक बदलण्याआधी खड्डा पाहा. धानाशिवाय दुसरे पीक घ्यायचे तर उंच वाफे करा आणि चराचे तोंड कुठे निघणार ते आधी ठरवा. चर शेजाऱ्याच्या बांधीत सोडून भागत नाही. नाल्यापर्यंतची वाट सगळ्या शिवाराने मिळून काढावी लागते. युरिया एकदम देऊ नका, तीन हप्त्यांत द्या. रेताड जमिनीतून नत्र वाहून जाते आणि साचलेल्या पाण्यात ते हवेत उडते, असा दुहेरी तोटा होतो. धानाच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसून वाढ खुंटली, तर जस्ताची कमतरता आहे का ते तपासून घ्या. हिरवळीचे खत आणि शेणखत वाळूला ओल धरून ठेवायला मदत करतात.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि आता त्याचे पाणी शेतांत पोहोचते आहे. ही आनंदाची बाब आहे. पण सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात पाणी आले, निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले आणि सुपीक जमिनी चिबड व खारवट झाल्या. आपल्या सपाट शिवारात ही वेळ यायला नको. कालव्याची मागणी आपण एकजुटीने करतो, तशीच निचऱ्याच्या चराचीही केली पाहिजे. पाणी शेतात येण्याची वाट जितकी मोलाची, तितकीच ते बाहेर जाण्याची.