बाळंतिणीच्या दारीं आशाताई

मूल जन्मलें म्हणजे घरांत पेढे वांटले जातात, पाळणा टांगला जातो आणि बारशाची तयारी सुरू होते. या आनंदांत एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. आपल्या देशांत पांच वर्षांच्या आंत जीं बालकें दगावतात, त्यांतील निम्म्याहून अधिक पहिल्या महिन्यांतच जातात. प्रसूति आतां बहुधा दवाखान्यांत होते. परंतु थोड्याच दिवसांत बाळ घरीं येतें, आणि तो बिकट महिना त्याला घरींच काढावा लागतो. तेथें डॉक्टर नसतो. तेथें जाते ती गांवचीच एक स्त्री, आशा स्वयंसेविका.

ही पद्धति महाराष्ट्रांतच सिद्ध झाली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ खेड्यांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकाची निगा राखण्यास शिकविलें. शेजारच्या इतर खेड्यांशीं तुलना करतां तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालकांच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६२ नें घटलें. १९९९ सालीं ही हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. २००५ सालीं आरंभिलेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत ‘आशा’ नेमल्या गेल्या, आणि २०११ सालीं हें काम देशभर त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें.

दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाच्या घरीं ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जाते. ती साबणानें हात धुते, बाळाचें वजन करते, काखेंत तापमापक लावते आणि घड्याळाकडे पाहून मिनिटभर श्वास मोजते. श्वास साठ किंवा अधिक भरले, छाती आंत ओढली जाऊं लागली, अंग गार पडलें किंवा बाळानें अंगावर पिणें सोडलें, तर तत्काळ दवाखाना गांठावा लागतो. आजारी नवजात बाळ पुष्कळदां रडत नाहीं. उलट निपचित पडतें, आणि घरच्यांस वाटतें कीं बाळ गुणी आहे. संकट असें मुकाट्यानें येतें.

या कामीं जिभेवर गोडवा असावा लागतो. मध चाटविणें, नाळेला तेल-हळद लावणें, चिकाचें दूध पिळून टाकणें, या चाली घरांतील वडील बायांनीं मायेनेंच चालविलेल्या असतात. त्यांना अडाणी म्हटलें कीं दार बंद झालेंच म्हणून समजावें. “आजी, तुम्ही एवढी बाळंतपणं काढलीत, पोर नीट पितंय का, ते तुम्हीच बघा,” असें म्हणणारी ताई त्याच आजीला आपली मदतनीस करते.

सातारा-सांगलीकडे या कामांत आणखी एक पेंच आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची रीत. गरोदरपणाची नोंद एका गांवीं, बाळाच्या पहिल्या भेटी दुसऱ्या गांवीं, आणि पुढें बाळ पुन्हा सासरीं. दोन्हीं गांवच्या ताईंमध्यें निरोप गेला नाहीं तर फेरी चुकते. ऊसतोडीच्या हंगामांत कराड-वाळव्याकडे फडाशेजारीं कोप्या उभ्या राहतात. तेथें जन्मलेलें बाळ कोणत्याच गांवच्या यादींत न येण्याचा धोका असतो. आजार मात्र यादी पाहून येत नाहीं.

२०१८ सालीं या कामांत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांच्या भेटींची भर पडली. वरचें अन्न, जुलाब, लसी, खेळणें-बोलणें, सर्व तिनेंच पाहावयाचें. २०११ सालीं नवजात बाळाच्या सर्व भेटी मिळून २५० रुपये ठरले होते. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आशांचा गौरव केला. परंतु त्याच्या आधीं २०२१ सालीं आणि नंतर २०२३ सालींही महाराष्ट्रांतील आशांना मानधनासाठीं संप करावा लागला. जिच्या नजरेवर जीव विसंबतो, तिला ‘स्वयंसेविका’ म्हणून तिच्या श्रमाचें मोल कमी लेखणें न्यायाचें नव्हे.

शासनाचें काम शासनानें करावें. घरच्यांकडूनही थोडें घडावें. बाळंतीण माहेरीं जातांना व परततांना तिचें कार्ड बरोबर द्यावें आणि दोन्हीं गांवच्या ताईंस कळवावें. शेजारच्या फडांत कोणी बाळंत झाल्याचें कानीं आलें, तर ताईला तेवढें सांगावें. आणि ती “आत्ता दवाखान्यात चला,” म्हणाली, तर सकाळची वाट पाहूं नये.