फाइल नेमकी असते कुठे?

नांदेड-लातूरकडच्या सेवा केंद्रांतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला असो वा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, कागदाची जागा आता बऱ्याच अंशी फाइलने घेतली असल्यामुळे, संगणक ती कुठे ठेवतो हे सामान्य वापरकर्त्याने जाणावे काय, हा प्रश्न व्यावहारिक ठरतो. फाइल-प्रणाली म्हणजे साठवणीच्या विखुरलेल्या खंडांची नोंद ठेवून मजकूर नावाने शोधून देणारी व्यवस्था. फाइल पुसली असता बहुधा आधी ही नोंदच रद्द होते आणि मजकूर काही काळ तसाच राहू शकतो, म्हणून जुना पेन ड्राइव्ह परक्याच्या हाती देणे जोखमीचे असते. फॅट-३२ नावाची फाइल-प्रणाली असलेल्या पेन ड्राइव्हवर, भरपूर जागा रिकामी असली तरी, ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. हे अंतरंग सर्वांनी अभ्यासावे असा आग्रह अनाठायीच. परंतु फोल्डर, फाइलपर्यंतचा मार्ग, आणि मूळ फाइल व तिच्याकडे केवळ बोट दाखवणारा शॉर्टकट यांतील फरक मात्र टाळता येत नाही. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून अनेकांना फोल्डरची ओळख झाली, तर मोबाइलवरच वाढलेल्या पिढीपुढे ॲप ही मांडणी सहसा आणतच नाही.