नाणे आणि विश्वास



आजकाल आपली मुले मोबाईलवर ‘टोकन’ विकत घेतात. दौलताबादला ही कल्पना नवी नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास तेथे राजधानी नेली आणि पुढे १३३० च्या आसपास पितळेची व तांब्याची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालविली. कल्पना वाईट नव्हती; चीनमध्ये कागदी चलन चालतच होते. पण नक्कल रोखण्याची सोय नव्हती. घरोघरी नाणी पडू लागली, मोल घसरले. अखेर सुलतानाने ती परत घेऊन खजिन्यातून चांदी दिली.

२००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनने नक्कल गणिताने रोखली आणि एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर बांधली. तरीही त्याचा भाव कोसळतो. इतर टोकन तर कोणीही काढू शकतो. म्हणून आधी तीन प्रश्न विचारा: एकूण किती निघणार? काढणाऱ्याने स्वतःजवळ किती ठेवली? ती तो केव्हा विकू शकतो?

उत्तर मिळाले नाही, तर मुलांच्या फीचा पैसा तिकडे लावू नका. सुलतानाजवळ परत द्यायला खजिना होता. टोकन काढणाऱ्याजवळ तो असेलच असे नाही.