सोयरिकीपूर्वी रक्ताची परीक्षा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, याबद्दल आम्ही मंडळाच्या चालकांचे ऋणी आहोत. विषय शरीरशास्त्राचा असला तरी त्याचा संबंध आपल्या घरच्या सोयरिकींशी आहे. म्हणून आपण थोडे लक्ष द्यावे, ही विनंती.

मनुष्याचे हृदय त्याच्या मुठीएवढे असते. ते मिनिटास सुमारे 70 वेळा, म्हणजे दिवसाकाठी लाखभर वेळा आकुंचन पावते आणि सुमारे 5 लिटर रक्त अखंड फिरते ठेवते. रक्ताचे हे अभिसरण इंग्लंडातील विल्यम हार्वे यांनी 1628 साली सप्रमाण मांडले. फुफ्फुसांतील प्राणवायू सर्व अवयवांस पोचविणे हे तांबड्या पेशींचे काम. निरोगी पेशी वाटोळी व लवचीक असते; केसाहून बारीक वाहिनीतूनही ती अंग दुमडून पार होते.

परंतु काहींच्या रक्तातील हिमोग्लोबिनची घडणच जन्मतः निराळी असते. प्राणवायू सोडला की ते ताठर होते व पेशीस विळ्याचा आकार येतो. हाच सिकलसेल आजार होय. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात त्या 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळल्या, आणि पुढे महाराष्ट्रातही. आपला नंदुरबार जिल्हा तर राज्यातील या आजाराच्या प्रमुख क्षेत्रांपैकी एक आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडील भिल्ल व पावरा बांधवांत तो विशेष दिसतो. पण तो डोंगरातल्यांचा, आपला नव्हे, असे कोणी समजू नये. विदर्भात तो इतर अनेक जातींतही आढळला आहे. रक्त जातीची पाटी वाचून वाहत नाही.

विळ्यासारख्या पेशी एकमेकींत गुंततात आणि पाटात पालापाचोळा अडकून पाणी तुंबावे तसा रक्ताचा ओघ तुंबतो. मग हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही बहुधा 10 ते 20 दिवसच. रक्त कमी पडते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हृदयास अधिक राबावे लागते. दुसरी हानी प्लीहेची. रक्त गाळून जंतू धरणारी ही शरीराची चौकी आहे. ती बालपणीच निकामी होऊ लागते. म्हणून अशा मुलास ताप आल्यास अंगाऱ्याधुपाऱ्यात वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

हा आजार स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. आई व वडील या दोघांकडूनही दोष आला तरच सिकलसेल आजार होतो. एकाकडूनच आला तर ते मूल केवळ वाहक असते व बहुधा निरोगी आयुष्य जगते. इतकेच नव्हे, तर वाहकास गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, असे डॉ. ॲलिसन यांनी 1954 साली दाखवून दिले. मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी आजाराची शक्यता चारांत एक असते. यावरून एक गोष्ट उघड होते. आजारी नातू जन्मला म्हणून सुनेस बोल लावणे हा निव्वळ अन्याय आहे. त्यात मुलाचाही तितकाच वाटा असतो.

आपण पत्रिका पाहतो, कूळ पाहतो, शेतीवाडी पाहतो. रक्त मात्र पाहत नाही. सोल्युबिलिटी नावाच्या साध्या तपासणीने दोष आहे की नाही हे कळते. तो आढळल्यास पुढील सूक्ष्म तपासणीने व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरते. जोडीदारात थॅलसेमियासारखा दुसरा दोष नसल्याची खात्रीही त्या सूक्ष्म तपासणीने करून घ्यावी. मंडळास आमची नम्र सूचना अशी की, हा निकाल वधूवर सूचीत छापू नये. नाहीतर निरोगी मुलींच्या कपाळी उगाच डाग लागेल. सुपारी फुटण्यापूर्वी दोन्ही घरांनी तो एकमेकांस विश्वासाने दाखवावा. एक वाहक व दुसरा निर्दोष असेल, तर सोयरीक मोडण्याचे कारण नाही. दोघेही वाहक असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच पाऊल टाकावे. विवाह आधीच झाला असेल, तर गर्भावस्थेच्या आरंभी तपासणीची सोय आहे.

ज्यांच्या घरी रुग्ण आहे, त्यांनीही धीर सोडू नये. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, वेळच्या वेळी लसी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे, यांनी कळा पुष्कळ कमी होतात. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. 2047 पर्यंतचे उद्दिष्ट तिने ठेवले आहे. परंतु सरकार तपासणी करील, लपवाछपवी मात्र आपणच सोडली पाहिजे. हे कार्य आपल्या मंडळाने हाती घ्यावे, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.