काल तर धडधाकट होते!



सुरतेच्या पाल भागात महानगरपालिकेने बांधलेल्या प्रेक्षागृहाला संजीवकुमार यांचे नाव दिलेले आहे. हरिहर जरीवाला हे त्यांचे मूळ नाव आणि सुरत हे त्यांचे गाव. पडद्यावर ज्यांनी इतक्या सहजतेने वृद्ध रंगविले, त्यांच्या वाट्याला वार्धक्य आलेच नाही. १९८५ च्या नोव्हेंबरात, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, हृदयविकाराने ते गेले. मे २००३ मध्ये मुंबईचे विख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नितू मांडके यांनाही याच विकाराच्या झटक्याने ऐन कर्तृत्वाच्या काळात ओढून नेले. अशी वार्ता कानी आली की आपण म्हणतो, "काल तर धडधाकट होते!" आज या उद्गाराचाच थोडा विचार करावयाचा आहे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणी, म्हणजेच कॉरोनरी धमन्या, आपल्या कल्पनेत नळासारख्या असतात. नळात गाळ साचतो, धार बारीक होते आणि एके दिवशी नळ तुंबतो. चालताना छातीत कळ यावी आणि विश्रांती घेताच थांबावी, या दुखण्याला हे चित्र बऱ्यापैकी लागू पडते. झटक्याला मात्र ते पुरत नाही. १९८८ साली अमेरिकेतील दोन वैद्यक-पथकांनी काही रुग्णांच्या जुन्या अँजिओग्राफीची चित्रे पुन्हा तपासली. या रुग्णांना त्या तपासणीनंतर झटका आला होता. ज्या जागी पुढे धमनी बंद पडली, ती जागा आधीच्या चित्रात बहुधा निम्म्याहूनही कमी अरुंद होती. अतिशय अरुंद जागा धोक्याची नसते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु अशा जागा थोड्या असतात, आणि किरकोळ दिसणाऱ्या पुष्कळ.

मग या किरकोळ जागेत घडते काय? धमनी हा निर्जीव नळ नव्हे. चरबी तिच्या पोकळीत नव्हे, भिंतीच्या आत साठते. तेथे दाह सुरू होतो, मऊ गाभा तयार होतो आणि त्यावर तंतूंचे एक आवरण चढते. यालाच डॉक्टर प्लाक म्हणतात. आवरण जाड असेल तर तो वर्षानुवर्षे निमूट पडून राहतो. ज्यांची आवरणे फुटली, त्यांचे शवविच्छेदन करणाऱ्यांना मात्र ती बहुधा ६५ मायक्रॉनहून, म्हणजे आपल्या केसाहूनही, पातळ आढळली. आवरण फाटले की आतला गाभा रक्ताला भिडतो. रक्ताला वाटते जखम झाली, आणि ते तत्काळ गोठू लागते. बोट कापल्यावर जो गुण आपल्याला तारतो, तोच येथे काही मिनिटांत घात करतो. कधी आवरण न फाटता केवळ वरचा पापुद्रा झिजूनही गुठळी होते.

आता कोणी विचारील की अशा जागा आधीच शोधून तेथे जाळी का बसवू नये? शोधण्याची साधने निघाली आहेत. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६९७ रुग्णांच्या धमन्या आतून पाहून त्यांच्यावर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा अशा पातळ आवरणाच्या बहुसंख्य जागांनी काहीच उपद्रव दिला नाही. कोणती फुटेल हे नेमके सांगता येत नाही. म्हणून उपाय एका जागेचा नव्हे, साऱ्या धमन्यांचा करावा लागतो.

तंबाखू सोडणे हा त्यातला पहिला. आमच्या सुरतेच्या जेवणाची आणि काशीच्या मरणाची म्हण प्रसिद्ध आहे. पण घारीला दोष देणारे लोक खिशातल्या पुडीविषयी गप्प बसतात, याची मला गंमत वाटते. ५२ देशांत झालेल्या पाहणीत धूम्रपानाप्रमाणेच तंबाखू चघळण्यानेही झटक्याचा धोका वाढलेला दिसला. याच पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, इतरांहून सुमारे सहा वर्षे आधी आल्याचे आढळले. रक्तदाब आणि मधुमेह यांवरही नजर हवी. स्टॅटिन नावाच्या औषधांनी रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, शिवाय मऊ गाभा आकसून आवरण बळकट होते. १९९४ साली ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन प्रयोगात अशा औषधाने मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांनी घटले. बरे वाटू लागले म्हणून ही गोळी आपल्या मनाने बंद करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की पातळ आवरण दुखत नाही.

पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी चांगली आली, तर सध्या रक्तपुरवठ्यात मोठा अडथळा बहुधा नाही, एवढेच ती सांगते. त्यानंतर महिन्याभराने जरी छातीवर दडपण आले, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, घाम फुटला, तरी जुना कागद काढून वाचत बसू नये. स्त्रियांना आणि मधुमेह्यांना कधी नुसता दम लागतो किंवा मळमळते. ओवा-सोडा घेऊन पहाटेपर्यंत वाट पाहू नये, आणि स्वतः स्कूटर चालवीत निघू नये. गुजरातेत २००७ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दूरध्वनी करून रुग्णाला बसवून ठेवावे आणि दाराची कडी काढून ठेवावी.