आकाशातील अदृश्य जाळे
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या आपणांस उल्हास नदीचा पूर नवा नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराने वेढली, तेव्हा हेलिकॉप्टरेही धाडण्यात आली. परंतु हजाराच्या आसपास उतारू सुखरूप बाहेर आले ते मुख्यत्वे होड्यांतून. आकाशातून मदत येते म्हणजे ती हवी तेथे उतरतेच, असा आपला भाबडा समज असतो. त्याच लोहमार्गावर २५,००० व्होल्टची तार ताणलेली आहे, हे आपण रोज पाहूनही विसरतो.

वैमानिकाला तार दिसत नाही, ही खरी मेख आहे. पतंगाचा मांजा गळ्याशी येईपर्यंत सायकलस्वारास दिसतो काय? मलंगगडाच्या हिरव्या उतारावर राखी तार तशीच विरून जाते. त्यातून मनोऱ्याच्या माथ्यावरची, वीज पडू नये म्हणून बांधलेली तार तर सर्वांत बारीक! म्हणून जाणता वैमानिक तार शोधीत नाही, मनोरे शोधतो. आणि ओलांडायचे झाल्यास मनोऱ्याच्याच डोक्यावरून ओलांडतो. पावसाळ्यात ढग खाली उतरले की त्यालाही खाली यावे लागते, आणि मनोराच धुक्यात लपला म्हणजे हा आडाखाही फसतो.

२५ मे २०१७ रोजी निलंग्यास तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर उंची न गाठता खाली आले व तारांत सापडून वस्तीलगत कोसळले. आतील सर्वजण बचावले, हे दैव. २१ ऑगस्ट २०१९ रोजी उत्तरकाशीत पूरग्रस्तांसाठी मदत नेणारे हेलिकॉप्टर तारेत अडकले. त्यातील तिघेही दगावले. तिथली तार विजेची नव्हती, माल वाहण्याची होती. लोखंडी दोराला वीज लागत नाही.

पुरात गच्चीवर अडकलेल्या माणसाने हात हलवावेत, हे स्वाभाविकच आहे. पण पंख्याच्या वाऱ्याने सैल पत्रा उडून तारेवर पडतो, हेही ठाऊक असावे. पत्रे, ताडपत्र्या पावसाआधीच घट्ट बांधाव्यात. आणि आपल्या आळीजवळ तारांपासून दूर, पाणी न चढणारे मोकळे मैदान कोणते, हे तरुण मंडळींनी ज्येष्ठांना विचारून कागदावर उतरवावे व जूनपूर्वी तहसील कचेरीत नेऊन द्यावे. मंडळाच्या कार्यालयात त्याची एक प्रत ठेवण्यास चिटणीसांनी संमती दिली आहे.