सर्वांत थंड महिना विचारा

विकसित देशांतल्या कोणकोणत्या शहरांचं हवामान खरोखर उष्णकटिबंधीय आहे, हा आजचा विषय. शहरांची नावं सांगणारच आहे, पण त्याआधी तुमची एक सवय मोडायची आहे. परदेशातल्या गावाचं नाव निघालं की आपण लगेच विचारतो, ‘तिथे उन्हाळा कसा असतो?’ उन्हाळा विचारू नका हो. सर्वांत थंड महिना विचारा!

घर विकत घ्यायला निघालेला जाणता माणूस ते मे महिन्यात बघून बयाणा देत नाही. मे महिन्यात कुठलंही छप्पर धडच दिसतं. तो भर आषाढात जातो, आढ्याखाली उभा राहतो आणि कुठे ओल आली आहे ते बघतो. हवामानाचंही तसंच. उन्हाळ्यात ह्यूस्टन तापतं, टोकियो घामाने निथळतं. त्यावरून काही ठरत नाही. क्योपेन या हवामानशास्त्रज्ञाने झाडाझुडपांची वाढ बघून कसोटी घातली, ती अशी : वर्षातल्या सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमानसुद्धा १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये. शिवाय पाऊस पुरेसा हवा, नाहीतर ते वाळवंटात जमा. पण मुख्य अट थंड महिन्याची.

आता हाँगकाँग घ्या. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे नकाशावर उष्ण कटिबंधातच. पण हिवाळ्यात चीनच्या भूमीवरून गार वारे थेट खाली उतरतात आणि जानेवारीची सरासरी सोळा-सतराच्या आसपास येते. छप्पर दर वर्षी गळतं! साधारण त्याच अक्षांशावरचं होनोलुलू मात्र भर महासागरात. तिथे जानेवारीतही २२-२३ अंश. आपलं नागपूरही जवळपास त्याच अक्षांशावर. पण मध्य आशियाची थंडी हिमालय अडवतो, म्हणून नागपूर थंडीच्या कसोटीला उतरतं. होनोलुलूला पाऊस मात्र बेताचा, कारण शहर डोंगराच्या कोरड्या बाजूला आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. ते असू देत.

मायामी याच्या उलट. ते कर्कवृत्ताच्या बाहेर, उत्तरेला. तरी कसोटीला उतरतं, कारण गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी किनाऱ्यालगत वाहतं. जानेवारीची सरासरी वीसच्या आसपास. १९ जानेवारी १९७७ला तिथे चक्क हिमकण भुरभुरले होते, आणि गारठलेल्या रात्री झाडांवरचे इग्वाना बधिर होऊन खाली पडतात. मग मायामी नापास का? नाही. एखाद्या वादळात दोन कौलं उडाली म्हणून घर गळकं ठरत नाही. सगळा पावसाळा कसा गेला ते बघायचं. महिन्याची सरासरी म्हणतो मी, एका रात्रीचा पारा नव्हे. उत्तरेला थोडं वर गेलं की ऑर्लँडो, आणि ते मात्र नापास.

या घरांत सगळ्यात पक्कं छप्पर सिंगापूरचं. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर. सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांत दोनेक अंशांचा फरक. तिथला आजवरचा नीचांकही एकोणीस अंशांच्या आसपासचा. म्हणजे त्यांची सर्वांत थंड घटकासुद्धा अठराच्या वरच!

आणि माझं आवडतं, ऑस्ट्रेलियाचं डार्विन. मुंबईकराला तिथे ओळखीचं वाटेल : सहाएक महिने कोरडे, मग जीव नकोसा करणारा दमट उकाडा, मग धोधो पाऊस. फक्त महिने उलटे. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आणणारे वारे दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून येतात. आपल्या हिवाळ्यात आशियाकडून निघालेले वारे तसेच ओलांडून पलीकडे जातात आणि डार्विनला पाऊस देतात. या देण्याघेण्यावर खरं तर स्वतंत्र भाषण व्हायला हवं, पण घड्याळ पुढे सरकतंय. डार्विनचा सर्वांत थंड महिना जुलै, सरासरी २५च्या आसपास. केर्न्स, टाउन्सव्हिल हीसुद्धा उत्तीर्ण. ब्रिस्बेन नाही.

जपानमधलं इशिगाकी उत्तीर्ण, नाहा थोडक्यात हुकलं. फ्रान्सचं नाव ऐकून दचकू नका : मार्टिनिकमधलं फोर-द-फ्रान्स, रेयुनियनवरचं सें-देनी ही फ्रान्सचीच शहरं, आणि उत्तीर्ण. श्रीमंत देशांत अशी शहरं इतकी थोडी का, त्यात वातानुकूलन यंत्राचा वाटा किती, हे आज राहिलं. मिनिटभरच उरलं आहे, तेव्हा पुन्हा सांगतो : थंड महिना विचारा. घरातलं कुणी शिकायला ब्रिस्बेनला निघालं असेल, तर तिथला जुलै बघा आणि बॅगेत स्वेटर घाला. डार्विनला निघालं असेल, तर ती जागा लोणच्याच्या बरणीला द्यायला हरकत नाही. फक्त तिथल्या कस्टमचे नियम आधी विचारून घ्या.